हाताने घडवलेलं शाईचं पेन: खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही?

शाईघर (मिरज)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून मी घराच्या मागच्या खोलीत छोट्या लेथवर पेनं करते. सुरुवात लाकडी बॉलपेनांनी झाली. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथल्या एका कारखान्यातून सतारीचे उरलेले तुणाच्या लाकडाचे तुकडे मिळायचे, त्यावर हात बसला. गेल्या वर्षापासून एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, शाईची पेनं करते. लोकांना आवडतात, ऑर्डरी येतात, पण हिशेब काही जमत नाहीये. म्हणून हा धागा.

सध्याच्या एका पेनाचा मला पडणारा खर्च असा. एबोनाइटचा रॉड ३२० रुपये, जर्मन निब-युनिट (निब, तिच्याखालची शाई पोचवणारी जीभ आणि दोन्ही बसतात ते घर) ९५०, कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली नळी) २५०, क्लिप ९०, डबी ११०, पॉलिश पेपर, मायक्रोमेश (घोटायचं अतिबारीक कापड), वीज, ड्रिलची झीज वगैरे ८०. एकूण १,८००. पेन विकते २,४०० ला. एका पेनाला पाच तास जातात, म्हणजे तासाला १२० रुपये हाताशी राहतात. त्यातही आठातला एक रॉड वाया जातो.

आता पुण्यातला एक दुकानदार पेनं ठेवायला तयार आहे. त्याला ३५ टक्के हवेत. म्हणजे २,४०० मधले १,५६० माझ्या हातात येणार, सामानालाच १,८०० गेलेले. तो म्हणतो, "ताई, निब साधी लावा, क्लिप हलकी लावा, दीड हजारात बसवा. गिऱ्हाइकाला कळत नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण एकदा मी असं करून बसले आहे. एका शाळेच्या निरोप समारंभासाठी ४० लाकडी बॉलपेनांची ऑर्डर होती. नेहमीचं किट (पेनाचे धातूचे तयार भाग) १७० ला पडायचं, एकाने ९५ ला सोनेरी मुलाम्याचं दिलं. दिसायला तसंच. तीन हजार रुपये वाचले. चार महिन्यांत बोटं लागतात तिथला मुलामा उडाला आणि खालचं पितळ काळं पडलं. एका निवृत्त बाईंनी फोटो पाठवला, सोबत एक शब्दही नव्हता. मी एकेकाला फोन करून ३१ पेनं नवी करून दिली. किटचे ५,२७० आणि कुरिअरचे १,८६० गेले. बाकी नऊ जण सापडलेच नाहीत, ती पेनं कुठेतरी तशीच काळी पडून आहेत.

तेव्हा प्रश्न सरळ आहे. खर्च कमी करायलाच हवा, पण कुठला? जे हे काम करतात किंवा रोज शाईच्या पेनाने लिहितात, त्यांनी कृपया सांगावं.

---

निळी_शाई

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी पेनं बनवत नाही, वापरतो. तीस-एक पेनं आहेत, त्यातली दहा-बारा हाताने केलेली. वापरणारा म्हणून एवढंच सांगतो: पेन विकत घेताना मी रंग बघतो, पण सहा महिन्यांनी ते टेबलावर राहतं की कपाटात जातं हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं. शुक्रवारी टोपण लावून ठेवलेलं पेन सोमवारी पहिल्या रेघेला उठलं पाहिजे. आणि निबीने कागद ओरबाडता कामा नये.

माझ्याकडे एक साडेचार हजारांचं देखणं पेन आहे. टोपणातून हवा जाते, दोन दिवसांत निब वाळते. दरवेळी ओल्या फडक्याला टेकवून सुरू करावं लागतं. शेवटी मी ते वापरणं सोडलं. त्याच्या शेजारी चारशे रुपयांचं साधं काळं पेन आहे, ते रोज खिशात असतं.

घरी करायची परीक्षा: टोपणाच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढा. टोपण ओठाला चिकटून लोंबलं पाहिजे. सुस्कारा ऐकू आला की समजा वाळणार.

---

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ताई, उद्यमनगरात लेथवर माझी बावीस वर्षं गेली. पेनं नाही करत, बुश आणि पिना करतो, पण गोल वस्तूचा हिशेब सगळीकडं एकच.

पहिली चूक तुमच्या यादीत आहे. मजुरी कुठाय? तुम्ही सामानाचे १,८०० धरले आणि उरलं ते माझं म्हणालात. असं नसतं. आधी तासाचा दर ठरवा, तो सामानाच्या ओळीत लिहा, मग नफा. दोनशे धरा नाहीतर अडीचशे, पण धरा. नाहीतर स्वस्त करायच्या नादात तुम्ही पहिल्यांदा स्वतःलाच स्वस्त करताय, आणि ते कागदावर दिसत पण नाही.

दुसरं, पाच तास लई झाले. तुम्ही एकेक पेन सुरू करून संपवता काय? तसं असेल तर निम्मा वेळ हत्यार बदलण्यात जातोय. बारा रॉड एकदम घ्या. बारा कापा, बाराला भोक पाडा, बाराला आटे पाडा. ड्रिलला खोलीचा स्टॉपर लावा म्हणजे दरवेळी मोजायला नको. टोपण धरायला एक मँड्रेल करून ठेवा, त्यावर आटे पाडून. एक दिवस जाईल त्यात, पण पुढं वर्षभर पुरेल.

वाया जाणाऱ्या रॉडचं कारण सांगा. कुठं मोडतो?

---

शाईघर

हो, एकेकच करते. प्रत्येक पेन वेगळं असावं असं वाटायचं म्हणून.

रॉड बहुतेक वेळा ड्रिल करताना जातो. भोक तिरकं होतं किंवा आतून खडबडीत निघतं. कधी टोपणाची भिंत इतकी पातळ होते की आटे पाडताना चिरते.

---

उद्यमनगरी

तापतंय. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबरच. गरम झालं की मऊ पडतं, ड्रिलला चिकटतं, आणि ड्रिल आपली वाट सोडतं. एका दमात खुपसू नका. चार-पाच मिलिमीटर गेलं की बाहेर काढा, किस झटका, पुन्हा घाला. आधी लहान ड्रिल, मग मोठं. तोंडाला सेंटर ड्रिलने खूण केल्याशिवाय तर अजिबात नको. गंधकाचा वास वाढला की मशीन थांबवा, तो वासच सांगतो की तापलंय.

आणि मास्क लावा. किस लांब दोरीसारखा निघतोय तोवर ठीक, पण पॉलिश पेपर मारताना जी काळी पूड उडते ती छातीत जाते. ओला पेपर वापरा.

---

गुरुजी_माणदेश

सर्वांना नमस्कार. थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या सातवीतल्या सहा मुलांना यंदा सुलेखनात बक्षीस मिळालं. त्यांना हाताने केलेलं काहीतरी द्यावं अशी इच्छा होती. चौकशी केली तर दोन हजारांच्या खाली कुठे काही नाही. हाताने केलेली वस्तू फक्त ज्यांच्याकडे आधीच तीस पेनं आहेत त्यांच्यासाठीच असावी का? (निळी_शाई, तुमच्यावर रोख नाही.) पाचशेपर्यंत काही होऊ शकेल का, ही खरोखरची विचारणा आहे.

---

निळी_शाई

गुरुजी, प्रश्न रास्त आहे. मलाही उत्तर ऐकायचं आहे.

---

टोपणवाला (ठाणे)

मी गेली सात वर्षं बिनाकिटची पेनं करतोय, नोकरी सांभाळून. शाईघर, तुम्ही ज्या वळणावर आहात तिथे मी दोन वर्षं अडकलो होतो. जे उमगलं ते नीट लिहितो.

खर्च कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक भाग थोडा थोडा हलका लावायचा. निब जरा हलकी, क्लिप जरा हलकी, कन्व्हर्टर बिननावाचा. दुकानदार तुम्हाला तेच सांगतोय. दुसरा मार्ग म्हणजे काही भाग पूर्ण काढूनच टाकायचे आणि जे उरतील ते उत्तम ठेवायचे. मी दुसऱ्यावर ठाम आहे. हलकी क्लिप सहा महिन्यांत सैल होते, गंजते. नसलेली क्लिप कधीच गंजत नाही.

आता क्लिपचंच बघा. नव्वद रुपये क्लिपचे, तिच्यासाठी टोपणाला खाच पाडायची, वर आट्याचा बोंडा करायचा, तो बसवायचा. माझ्या हाताने पाऊण तास. आणि एवढं करून झालं काय, तर टोपणाला वरून एक वाट मिळाली जिथून हवा जाते. निळी_शाई म्हणतात ते निब वाळणं पुष्कळदा तिथूनच सुरू होतं. एका अखंड तुकड्यातून कोरलेलं, वर बंद असलेलं टोपण स्वस्तही पडतं आणि हवाबंदही राहतं. पैसा वाचतो आणि पेन सुधारतं अशा जागा या कामात फार थोड्या आहेत. ही त्यातली एक.

कन्व्हर्टर: एबोनाइटचं पेन ड्रॉपरने शाई भरण्यासाठी जणू जन्मलंय. पोटात थेट शाई. अडीचशे वाचतात आणि शाई दुप्पट-तिप्पट मावते. अट एकच, मधले आटे लांब आणि घट्ट हवेत, त्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं आणि एक ओ-रिंग (रबरी कडी) टाकायची. शाई निम्म्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबीतून थेंब पडू शकतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. एबोनाइट उष्णता हळू पोचवतं आणि भिंत जाड असली की हे आणखी कमी होतं. म्हणून पोटाची भिंत पातळ करून देखणेपणा साधायच्या मागे लागू नका.

निब: इथे मतभेद होतील, पण बोलतो. जर्मन निब-युनिट उत्तमच आहे. बर्लिनची जोवो काय किंवा हायडेलबर्गची बॉक काय, डबीतून काढलं, पिळून बसवलं, दहातली नऊ पेनं लगेच लिहितात. तुम्ही ९५० मोजता ते या निश्चिंतपणाचे. कानराइटची आपली ३५ मिलिमीटरची निब आणि एबोनाइटची जीभ मला दोनशेच्या आत पडते. ती डबीतून काढून लगेच लिहीलच असं नाही. तिला बसवावं लागतं. पण बसवली की ती तुमच्या हातची निब असते, आणि एबोनाइटची जीभ शाई जशी धरून ठेवते तशी प्लास्टिकची धरत नाही.

म्हणजे ७५० रुपये वाचवायचे तर चाळीस मिनिटं द्यायची. ती चाळीस मिनिटं द्यायची तयारी नसेल तर जर्मनच लावा. स्वस्त निब लावून तशीच पाठवणं, हा एकच पर्याय मी वर्ज्य मानतो.

एक तांत्रिक सूचना. निब बदलायची म्हणजे टॅपही (आतले आटे पाडायचं हत्यार) बदलायचा. जोवोच्या सहा नंबरच्या घराला ७.४ बाय ०.५ चे आटे लागतात, बॉकला ७.५ बाय ०.५. नुसती जीभ दाबून बसवायची असेल तर टॅपच नको, पण भोक अगदी मापात हवं, रीमरने साफ केलेलं. सैल झालं तर शाई गळेल, घट्ट झालं तर जीभ चिरेल.

---

शाईघर

किती मोलाचं लिहिलंत. जीभ बसवण्याचं एकदा सविस्तर सांगाल? मी यूट्यूबवर बघून दोनदा केलं, एकदा जीभच वाकडी झाली.

---

टोपणवाला

सांगतो. चहाचं जुनं पातेलं घ्या, पाणी उकळू द्या, मग गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा. निब जिभेवर ठेवून, जिथे पेनात बसणार तिथेच, ग्रिपमध्ये (बोटांनी धरतो त्या पुढच्या भागात) दाबून बसवा. फक्त पुढचं टोक पाण्यात, वीस-पंचवीस सेकंद. ग्रिपची कड बुडू देऊ नका, पॉलिश जातं. बाहेर काढलं की कापडाने धरून अंगठा निबीवर आणि तर्जनी जिभेखाली, सावकाश दाब द्या आणि गार पाण्यात धरा. पकड सोडायची नाही. जीभ निबीच्या पोटाला सगळीकडून टेकली पाहिजे. दिव्यासमोर आडवं धरून बघा, दोघांमधून उजेड दिसला तर पुन्हा. तुमची जीभ वाकली कारण बहुधा गार व्हायच्या आधी हात सुटला.

मग दहापट भिंग. निबीचे दोन दात एका पातळीवर आहेत का ते समोरून बघा. एक वर-एक खाली असेल तर कागद ओरबाडतो. नखाने वरच्याला हलकेच खाली दाबा. पितळेची पातळ पट्टी फटीतून एकदा ओढा. शेवटी १२,००० च्या मायक्रोमेशवर आठचा आकडा काढा, पाच-सहा वेळा, बस. नवशिके इथे घासत बसतात आणि टोक इतकं गुळगुळीत करतात की शाई कागदाला शिवतच नाही.

चाचणीला मी कॅमलची रॉयल ब्लू वापरतो आणि साधी शाळेची वही. त्यात नीट लिहिलं की पेन कुठल्याही महाग शाईत लिहितं. उलट खात्री देता येत नाही.

---

वही_आणि_मी

वाचनखूण साठवली. पातेल्याची युक्ती आजच करून बघते, आजोबांचं पेन आहे.

---

उद्यमनगरी

टोपणवाले, क्लिप काढायचं पटलं, पण टेबलावरनं गडगडत जाणार की हो. त्याला एक उपाय आहे. टोपणाच्या कडेला दोन मिलिमीटरची पितळी पिन बसवा, अर्धा मिलिमीटर वर ठेवून गोल करा. सामान दोन रुपयांचं. भोक आरपार पाडू नका म्हणजे झालं, नाहीतर हवा पुन्हा तिथनंच.

टोपणाच्या आट्यांचं पण बोलू. एकेरी ०.८ चे आटे असतील तर टोपण उघडायला पाच-सहा फेरे लागतात. फोनवर बोलत माणूस एवढं फिरवत बसत नाही. तिहेरी आट्यांचा टॅप-डाय घ्या, दोन फेऱ्यांत उघडतं. तो सेट महाग असतो, हजारांत जातो, पण एकदाच. अशा ठिकाणी काटकसर करू नका. पाचशे पेनांवर तो खर्च वाटला तर पेनाला काही रुपये पडतात, आणि रोज दहा वेळा ती वस्तू हाताला लागते.

---

सावंतवाडकर

लाकडावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे चितारआळीत लेथवरच लाकडी खेळण्यांना लाखेचा रंग चढवतात. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने वितळून चढते. फार सुंदर दिसतं आणि स्वस्त पडतं. म्हणून काहीजण पेनालाही लाख करतात. मी केली होती. शोभेला ठीक, रोजच्या हाताला नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेल्या हाताने पेन धरलं की पृष्ठभाग चिकट होतो, बोटांचे ठसे उठतात. बॉलपेनाला निदान चालून जातं, शाईच्या पेनाला नकोच.

आणि शाईघर, शिसवी वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. शिसवीचं जवळजवळ सगळं कुळ २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशी पार्सल पाठवण्याआधी नियम तपासून घ्या. तुण, फणस, आंबा, बाभूळ, चिंच यांना ती अडचण नाही. फणसाचा पिवळा रंग दोन-तीन वर्षांत मधासारखा होतो, तो मला शिसवीपेक्षा आवडतो.

---

पै_पै (नाशिक)

कराचं काम करतो म्हणून थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२१ पासून सगळ्या पेनांना १८ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर विक्री सुरू केली की हिशेब बदलतो. हस्तकलेच्या वस्तूंना वेगळ्या सवलती आहेत, आपली वस्तू त्यात बसते का ते सल्लागाराकडून लेखी घ्या. आणि किंमत आजच अशी ठरवा की उद्या नोंदणी करावी लागली तरी ती मोडणार नाही. उदाहरणार्थ, २,१०० च्या वस्तूत १८ टक्के आत धरले तर कराचे ३२० निघतात. ते तुमच्या खिशातून जाणार की किमतीत आहेत, हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरं, दुकानात आणि थेट विक्रीत किंमत एकच ठेवा. थेट स्वस्त विकलं तर दुकानदाराशी संबंध टिकत नाहीत.

---

निळी_शाई

थोडं विषयांतर, पण इथे लिहावंसं वाटतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३० च्या दशकात हाताने एबोनाइटची पेनं करायला घेतली ती स्वदेशीच्या प्रेरणेने. १९३५ मध्ये त्यांचं पेन गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे वर्ध्याला पोचलं, आणि गांधीजींनी पत्र लिहून पोच दिली की आपण ते वापरलं आणि परदेशी पेनाची जागा ते घेऊ शकतं. मला त्या पत्रातला 'वापरलं' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं स्वदेशी म्हणून गौरव केला नाही, लिहून बघितलं आणि मग सांगितलं. त्याच्या थोडं आधी, १९३१ साली, मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्यांपासून कॅम्लिनची सुरुवात केली. आज तुम्ही ज्या शाईने चाचणी करताय तिची मुळं तिथे आहेत.

गिऱ्हाइकाला कळत नाही हे वाक्य म्हणून मला पटत नाही. गिऱ्हाइकाला विकत घेताना कळत नाही, एवढंच खरं आहे. लिहायला लागलं की कळतं.

---

गुरुजी_माणदेश

क्लिप काढली तर खिशाला लावायचं कसं? आमच्याकडे पेन म्हणजे सदऱ्याच्या खिशात दिसणारी वस्तू. वडील शाळेत शिपाई होते, त्यांच्या खिशाला पेन असायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मला वाटतं क्लिप ही चैन नाही.

---

टोपणवाला

गुरुजी, तुमचं म्हणणं पटलं. माझं बोलणं घाईचं झालं. क्लिप हवी असेल त्याने चांगली घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत, असं मी आता म्हणेन. क्लिपवालं आणि बिनक्लिपचं अशी दोन पेनं, किंमत वेगळी. मात्र क्लिपवाल्यात आतून टोपी बसवायची, म्हणजे हवेची वाट बंद. त्याची मजुरीही किमतीत धरायची.

---

शाईघर

बारा दिवसांनी लिहिते आहे. मधल्या काळात तुमचं सगळं करून बघितलं.

उद्यमनगरी दादा, बारा रॉड एकदम घेतले. पहिला दिवस मँड्रेल आणि स्टॉपर करण्यात गेला, घरात जेवणसुद्धा उशिरा झालं. पण नंतर तीन तास वीस मिनिटांना एक पेन पडलं, निबीची चाळीस मिनिटं धरून. ड्रिलमध्ये एकही रॉड गेला नाही. एक टोपण आटे पाडताना चिरलं, तो दोष माझा, भिंत पातळ ठेवली होती. त्याच मापाचं दुसरं करून बारा पूर्ण केली.

हिशेब आता असा. रॉड ३२०, निब आणि जीभ १८०, डबीऐवजी खणाची शिवलेली पिशवी ३० (आमच्या शेजारच्या काकू ब्लाउज शिवतात, त्यांच्याकडे खणाचे तुकडे उरतात, कापड फुकट देत होत्या, मी शिलाईचे पैसे ठरवूनच दिले), ओ-रिंग, ग्रीस, पिन १०, पॉलिश वगैरे ८०. सामान ६२०. मजुरी दोनशेच्या दराने ६७०. वाया जाण्याचे ६०. एकूण १,३५०. दुकानदाराचे ३५ टक्के सोडून हे निघायला किंमत २,०७७ हवी. २,१०० ठेवली, दुकानातही आणि माझ्याकडेही. थेट विकलेल्या पेनात जे जास्त उरेल ते तिहेरी आट्यांच्या टॅप-डायसाठी आणि पुढे कर भरावा लागला तर त्यासाठी बाजूला ठेवते आहे. क्लिपवालं आणि आतली टोपी असलेलं पेन २,५०० ला.

दुकानदाराला जुनं आणि नवं अशी दोन्ही पेनं लिहायला दिली. त्याने पाच-सहा ओळी लिहिल्या, काही बोलला नाही, मग नवं पुन्हा उचललं. सात पेनं ठेवून घेतली. दीड हजाराचं पुन्हा काढलं नाही.

तीन दिवसांची परीक्षाही केली. शुक्रवारी रात्री बाराही पेनं कॅमल भरून आडवी ठेवली, मंगळवारी सकाळी उघडली. अकरा पहिल्या रेघेला उठली. बारावं कोरडं. ओठ लावून बघितलं तर सुस्कारा. टोपण दिव्यासमोर धरलं तेव्हा आत, जिथे ग्रिपची कड टेकते त्या पायरीवर, किसाचा एक केसाएवढा दोरा चिकटलेला होता. त्याच्यामुळे कड पूर्ण टेकत नव्हती. दोरा काढला, पायरी पुन्हा घोटली, आता तेही उठतं. तेव्हापासून प्रत्येक टोपण आतून दात घासायच्या ब्रशने साफ करते आणि दिव्यासमोर बघते. दोन मिनिटं लागतात.

गुरुजी, आता तुमचं. एबोनाइटचं शाईचं पेन पाचशेत माझ्याच्याने होणार नाही, खोटं सांगत नाही. पण तुणाच्या लाकडाचं बॉलपेन होईल. लाकूड उरलेलं आहे, किट तेच १७० चं क्रोमचं, पंच्याण्णवचं नाही. पॉलिशचे ३०, पाऊण तासाचे १५०. साडेतीनशे झाले. विकते ५५० ला, तुमच्या मुलांना ४५० ला देईन. रिफील कुठल्याही स्टेशनरीत मिळेल असंच किट घेतलं आहे, नाहीतर पहिली रिफील संपली की पेन पडून राहतं. तुण मऊ आहे, म्हणून वरून फेव्हिक्विकसारख्या पातळ डिंकाचे आठ थर देते, दप्तरात घासलं तरी ओरखडे उठणार नाहीत. हे लाकूड सतारीसाठी आणलेलं होतं, तेही मुलांना सांगा.

---

गुरुजी_माणदेश

सहाही हवीत. पैसे आजच पाठवतो. नावं कोरून मिळतील का, मराठीत? एका मुलीचं नाव लांब आहे, त्यात दोन जोडाक्षरं येतात.

---

शाईघर

मिळतील. लाकडाचा खालचा भाग पाच सेंटिमीटरचा आहे, मावेल. यादी स्वच्छ अक्षरात लिहून फोटो पाठवा, शक्यतो त्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. तीच अक्षरं कोरते. गुरुवारी पार्सल टाकेन.